दिवसा झोपणारं घर

ज्या घरात दिवसाही कोणीतरी झोपलेलं असतं, तिथे सगळेच हळू बोलतात. आणि हळू आवाजात घडलेले किस्से विसरता येत नाहीत. माझ्याकडे तर त्यांचा ढीग झालाय!

हे गेल्यावर पिंपळे गुरवच्या घरातल्या दोन खोल्या मी मुलांना देऊ लागले. डिप्लोमाची मुलं चाकणच्या कंपन्यांत ट्रेनिंगला येतात, चार-सहा महिने राहतात, जातात. तिसरी खोली यांची. यांनीही आयुष्यभर शिफ्ट केली. ती खोली द्यायची नाही, एवढं मी पहिल्याच दिवशी ठरवलं.

भाडेकरू आणणारा एजंट चिवट होता. "काकू, आत सामान आहे का?"

"नाही."

"कोणी येणार आहे?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही."

चहा न घेताच गेला!

*

बीडचा गणेश आणि सांगलीचा ओंकार यांना मिळून एकच कॉट. गणेश पहाटे फर्स्ट शिफ्टला गेला की तासा-दोन तासांनी ओंकार नाइट करून येई आणि तिथेच आडवा होई. गणेश ओव्हरटाइम करून येईपर्यंत ओंकार पुन्हा निघालेला; भेट नाही, सगळा कारभार चिठ्ठ्यांवर. "भावा, पंखा तीनवर ठेव. चारवर रडतो." खाली उत्तर: "रडू दे राव, त्याशिवाय मला झोप येत नाही!"

पहिल्या गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, दोघं समोरासमोर आले. गणेश बघतच राहिला. "तू ओंकार? उशीवरच्या खड्ड्यावरून मला तू जाडा वाटला होतास!"

मग "तू झोप", "नाही, तू झोप" करत दोघंही गच्चीत बसून राहिले. ओंकार म्हणाला, "काकू, ती तिसरी खोली..."

"जेवून घ्या," मी म्हटलं.

*

एका दुपारी शेजारच्या खोलीतला सचिन झोपेत ओरडला, "लाइन थांबवा! पार्ट उलटा बसलाय!"

भिंतीपलीकडून ओंकार, तोही झोपेतच: "सुपरवायझरला विचार!"

मग सचिन, अगदी समाधानाने: "ओके झाला."

मी पुन्हा मेथी निवडायला घेतली.

*

कुरिअरवालाही आता बेल वाजवत नाही. दारातून हळूच विचारतो, "आज कोण झोपलंय, काकू?" मी नाव सांगते. एकदा चुकून यांचं नाव सांगितलं.

"बरं, बरं," तो म्हणाला. "झोपू द्या."

*

गणेशची आई बीडहून न कळवता आली, तीही रविवारी. सुट्टी रविवारीच असते, असा गावाकडचा हिशोब! मी दळण आणायला गेले होते. सचिनने कॉट दाखवली. परत येऊन बघते तर डोक्यावरून चादर घेतलेल्या ओंकारचे पाय ही बाई दाबत बसलेली.

"अहो, हा गणेश नाही!"

तिने ओठांवर बोट ठेवलं. "कळलं की मला मगाशीच. आमच्या गण्याच्या पायाला भेगा हायत. पर आता हात काढला तर उठंल ना लेकरू!"

चारला गणेश आला, त्या दिवशी ओव्हरटाइम नसूनही दमलेला. आईच्या पाया पडला, भिंतीला टेकून बसला आणि बसल्या बसल्याच पेंगायला लागला.

आई म्हणाली, "ताई, ती खोली कामून बंद हाय?"

"तिथे हे झोपायचे. दिवसाचे."

"मंग झोपायचीच खोली हाय की ती."

मी किल्ली आणली.

यांच्या खोलीत सतरंजी टाकली; गणेश पडल्या पडल्या झोपला. आई उंबऱ्यात थांबली होती. "लई घोरतंय हो, ताई! दार लावून घेऊ का?"

"नको," मी म्हटलं. "राहू द्या उघडं."