तिसऱ्या हाकेला ओ

आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं मी शाळेत असल्यापासून पौडच्या बाजारात वाटत आलोय. भुताखेतांची सदरं छापणाऱ्या मासिकांवरही तिखट लिहिलंय… आणि आज अशाच एका सदराला हे पाठवतोय. हसायचं तर हसा. घडलेलं लपवणं मला जमत नाही.

अठ्ठ्याऐंशीचा जुलै. मुळशीत, मालेजवळ पाऊस आणि ओढ्याचं पाणी मोजणारं एक छोटं केंद्र होतं, तिथे मी नोकरीला. युनिक्सवर चालणारी दोन मशीन्स, म्हणजे संगणक — एक माझ्या टेबलावर, दुसरं वर डोंगरात, ओढ्याकाठच्या पत्र्याच्या खोलीत. मधे तार. लाइट सारखी जायची. परत आली की मशीन आपोआप सुरू होऊन एक फाईल ओळीनं वाचायचं — आधी नेटवर्क उभं कर, मग ही सेवा, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्रॅम, चालू कर, मग ती. तिला आम्ही ‘आरसी’ म्हणायचो. ती लिहिणं माझं काम. खालचं मशीन सुरू होताच वरच्याला एकदा हाक मारायचं, वरची सेवा ओ देऊन पाण्याची पातळी कळवायची. पाणी चढलं की माणसांना ओढ्यात उतरू द्यायचं नाही, एवढ्यासाठी हा खटाटोप.

केंद्रात झाडलोट करायला तुळसामावशी होत्या. मला ‘साहेब’ म्हणू नका असं बजावल्यापासून त्या मुद्दाम ‘मास्तर’ म्हणायच्या. त्यांची सून रंजना त्या दिवशी आठ-दहा जणींबरोबर ओढ्यापलीकडे भातलावणीला गेली होती. दुपारी सगळ्या ओढ्यातूनच परतणार होत्या.

सकाळी वर जाऊन मी काही चाचण्या केल्या. त्यासाठी, वरच्या मशीनच्या आरसीत ओ देणाऱ्या सेवेच्या ओळीपुढे हॅशची (#) खूण टाकली. ती खूण असली की मशीन ती ओळ सोडून देतं. निघताना खूण काढायची राहिली. खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून खाली आलो.

दुपारी खाली-वर दोन्हीकडची लाइट गेली, थोड्या वेळानं आली. आमच्याकडे चक्क ऊन होतं. मशीन सुरू झालं, आरसी वाचून झाली… आणि मला ती हॅश आठवली. आता वरून काहीच कळणार नव्हतं.

“मास्तर, डबा गप का आज? तुमच्यावानी रुसलाय व्हय?” मशीनकडे बघत मावशी म्हणाल्या.

मी तोंड उघडणार तोच पडद्यावर पातळी उमटली. धोक्याच्या खुणेच्या बरीच वर.

मी सांगायचा अवकाश, मावशी ओढ्याकडे पळत सुटल्या. मी मागोमाग. पलीकडे रंजनाचा एक पाय पाण्यात होता.

“रंजे, मागं हो. इचारू नगं.”

ती मागं झाली. पुढच्या काही क्षणांत वरून गढूळ लोंढा आला — त्यात एक अख्खं झाड, मुळांसकट. आम्ही दोन्ही काठांवर नुसते बघत राहिलो.

परत आल्यावर मशीनमधली नोंद काढली. वरच्या मशीनला तीन हाका गेल्या होत्या, वीस-वीस सेकंदांनी. दोन रिकाम्या. तिसरीला ओ. माझा प्रोग्रॅम एकदा हाक मारतो आणि थांबतो, दुसऱ्यांदा मारायची सोयच त्यात नाही. दुसऱ्या दिवशी वर गेलो. कुलूप जसंच्या तसं. हॅश जागेवर. चालू सेवांच्या यादीत ती सेवा नव्हतीच. पुण्याहून आलेल्या वरिष्ठांनी दोन दिवस तपासलं आणि हे अहवालात घालू नकोस म्हणाले. मी घातलं.

मावशींना तीन हाकांचं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. “आमच्यात अनोळखी हाकंला लगीच ओ देत न्हाईत. तिसऱ्यांदा आली तर माणूस समजायचं.”

योगायोग असतो, मावशी, मी म्हणालो.

“आसंल,” त्या म्हणाल्या. “पयली हाक तुमची. पर बाकीच्या दोन कुणी मारल्या, मास्तर?”

त्या तीन हाकांची नोंद मी अजून जपून ठेवलीय, आणि त्याची मला लाज वाटत नाही.