नऊ क्लबांचं टाळं

आमच्या युक्रेनमधल्या वेर्बोवे गावात देम्यान कोझुश्कोला त्याची आई सोडली तर कुणी देम्यान म्हणत नसे. सगळे म्हणत झामोक, म्हणजे टाळं. नाव दिलं होतं जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने, तेही कौतुकाने: हा फुटबॉलच्या बचावफळीत उभा राहिला की गोलाला टाळं लागतं. गावाने नाव उचललं आणि कौतुक वर्तमानपत्रातच राहू दिलं. कारण देम्यान ज्या क्लबात गेला, त्या क्लबालाच टाळं लागलं. एक नाही, दोन नाही, आठ!

बचावाला तो कसा आला, तीही गंमतच. लहानपणी स्तेपानोविच मास्तरांनी त्याच्याकडे चेंडू टाकला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "बाळा, तुझ्या पायात कला नाही. पण तू वाटेत फार छान येतोस. मागे उभा राहा." झालं, ठरली कारकीर्द. पोरगं जे मागे उभं राहिलं ते केस पांढरे व्हायला लागेपर्यंत. चेंडू आला की कुंपणापलीकडे, हा त्याचा एकमेव डाव. मैदानाशेजारच्या बटाट्याच्या वाफ्यांत त्याने इतके चेंडू पाठवले की तिथल्या बायका त्याच्या सामन्याच्या दिवशी खुरपणी बंद ठेवत.

क्लब मात्र एकापेक्षा एक भेटले. साखर कारखान्याचा संघ पगार साखरेत द्यायचा. तो संघ कारखान्यासकट विरघळला. दुसऱ्या क्लबाचा मालक सायप्रसला हवापालटाला गेला, त्याला तिकडची हवा जी मानवली ती कायमची. तिसऱ्याने तर कमालच केली. सोमवारी देम्यानचं फुलं देऊन स्वागत केलं आणि शुक्रवारी संघाची बस विकून टाकली. या सगळ्यात देम्यानचा काय दोष, असं तुम्ही विचाराल. आमच्या गावात कुणी विचारलं नाही. मालक पळाला, कारखाना बुडाला, हे लक्षात ठेवायला कुणाला वेळ आहे? टाळं लक्षात राहतं.

आणि हा बाबाही असा की मैदानात समोरचा कितीही मोठा असो, पायात पाय घालायला मागेपुढे पाहायचा नाही. पण मालक दिसला की टोपी हातात आणि मान खाली.

चौतिसाव्या वर्षी तो घरी परतला, आमच्या गिरणीच्या संघात, 'मेलनिक'मध्ये. बाजारात त्याची आई पारास्का आंबवलेला कोबी विकायची, शेजारी तोस्या सूर्यफुलाच्या बिया घेऊन बसायची. तोस्या म्हणाली, "पारास्का, तुझं टाळं आलं म्हणे गावात. क्लब तर गेलाच, निदान गिरणी तरी ठेवेल ना?"

"तुझ्या तोंडाला लावायला आणलंय गं त्याला," पारास्का म्हणाली. पण त्या दिवशी तिने गिऱ्हाइकाला कोबी नेहमीपेक्षा जोरात पिळून दिला.

देम्यानला हे सगळं कळत होतं. आता त्याला ना कप हवा होता ना नाव. त्याला एकच क्लब हवा होता, जो तो असतानाही जिवंत राहील. तोही स्वतःच्या गावचा, म्हणजे आईला बाजारात मान वर करून बसता येईल.

हंगाम कसाबसा ढकलत शेवटच्या सामन्यावर आला. हरलो तर लीगमधून बाहेर, बरोबरी साधली तरी तरलो. गिरणीचे आणि क्लबाचे मालक रादिओन मिकितोविच श्पाक खेळाडूंना म्हणाले, "पोरांनो, हरू नका. सामना संपला की मी मैदानातच मोठी घोषणा करणार आहे. वेर्बोवेचं नाव होईल!"

त्याच आठवड्यात मैदानाच्या कुंपणावर एक लांबलचक फलक लागला. सोनेरी मोठ्या अक्षरांत दोनच शब्द: "झामोक. लवकरच!"

गाव थक्क. अरे, हा तर आपलाच झामोक! मालकाने त्याचा सत्कार ठेवलेला दिसतोय. देम्यान रोज सरावाला जाताना फलकासमोरून जायचा आणि न बघितल्यासारखं करायचा. बघायचा मात्र दोनदा. पारास्काने बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, म्हणजे आमचे वारेनिकी केले, तळलेला कांदा सढळ हाताने घातला आणि एक ताट मुद्दाम तोस्याकडे पाठवलं. तोस्यानेही निमूटपणे खाल्ले. स्तेपानोविच मास्तर म्हातारे झाले होते, तेही म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, पोरगं वाटेत छान येतं!"

सामना झाला, आणि खरं सांगायचं तर देम्यान देवासारखा खेळला. डोक्याने अडवलं, छातीने अडवलं, एकदा तर चक्क कानाने. बटाट्याचे वाफे पार सपाट झाले. शून्य-शून्य! पंचाची शिट्टी वाजली आणि सगळं मैदान उठून ओरडायला लागलं, "झामोक! झामोक!" उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्या नावात शिवी नव्हती. हा दांडगा गडी गवतावर बसून ढसाढसा रडला. वाईट वाटतं हो आठवलं की.

मग श्पाक साहेब ध्वनिक्षेपक घेऊन आत आले. त्यांच्या मागून दोघांनी एक अवाढव्य केक उचलून आणला. केकला चार बुरूज, भिंती, आणि साखरेचं दार.

आमच्याकडे 'झामोक' हा शब्द लिहायला एकच. शेवटी जोर दिला तर टाळं, सुरुवातीला दिला तर किल्ला. फलकाला कुठला आलाय जोर? श्पाक साहेबांनी मात्र सुरुवातीलाच जोर दिला: "मित्रांनो! याच जागेवर उभा राहणार 'किल्ला'! हॉटेल, सोन्यासारखं सभागृह, लग्नं, बारशी! ह्या भिकार फुटबॉलचा खर्च आजपासून बंद. सगळ्यांना शाश्लिक आणि बिअर माझ्यातर्फे!"

 मग कुणीतरी गर्दीतून म्हणालं, "बघा! नववा!"

बस्स. जे आत्ता त्याच्या नावाने घसा फोडत होते, तेच म्हणायला लागले, पायगुणच तसला, घरी आणायलाच नको होता. पारास्का खुर्च्या ढकलत पुढे आली. "अरे आंधळ्यांनो, टाळं माझ्या पोराने लावलं की ह्या लुच्च्याने? तो बघा, तो उभाय हातात भोंगा घेऊन!" पण तोवर निखाऱ्यावर भाजणाऱ्या शाश्लिकच्या मांसाचा वास सुटला होता. रांगेत आधी कोण यावरून दोन पोलीसही भांडत होते. देम्यानने बूट काढले, आईचा हात धरला आणि घरी गेला.

किल्ला झाला. चारी बुरुजांवर दिवे लागले. श्पाक साहेब जिल्हा परिषदेवर निवडून आले, आणि ज्यांच्याकडे मतं मागायची त्यांच्या पोरांची लग्नं स्वस्तात लावून देऊ लागले. देम्यान गिरणीत पोती वाहायला लागला.

काही वर्षांनी तोस्याच्या नातीचं लग्न तिथेच ठरलं आणि कोझुश्को मायलेकांनाही बोलावणं आलं. पारास्काला जायचं नव्हतं. तोस्या घरी येऊन रडली म्हणून गेली. जिथे गोलाचे खांब होते तिथे आता मुख्य टेबल होतं, आणि टेबलाच्या टोकाला श्पाक साहेब, चेहरा बीटच्या रसासारखा लाल. देम्यानला बघताच ते ओरडले, "अरे झामोक! ये ये! आमचा क्लब बंद पाडलास ना शेवटी?"

सभागृह हसलं. नवरा मुलगा परगावचा. त्याने बायकोला विचारलं, "काय केलं म्हणे ह्यांनी?" ती म्हणाली, "अगं बाई, माहीत नाही? गावचा क्लब ह्यांनीच तर बुडवला."

पारास्काने टेबलाखालून पोराच्या पायावर पाय मारला. बोल काहीतरी, मेल्या, आज तरी बोल! देम्यान उठला. हातात ग्लास होता.  वाजवणाऱ्याने अकॉर्डियन थांबवलं.

"माफ करा, मिकितोविच," देम्यान श्पाक साहेबांना म्हणाला.