गेटासमोरचं हॉटेल

आमची मुंबईची सहल एका साबणाच्या वडीमुळं ठरली.

वडी बिस्किटाएवढी, पांढरी, कागदात गुंडाळलेली. माझी धाकटी जाऊ सुनिता जालन्याहून आमच्याकडं मंठ्याला आली, ती थेट ही वडी माझ्या नाकाखाली धरूनच.

"वास घ्या ताई! पाण्याच्या घसरगुंड्यांचा पार्क पाहायला मुंबईला गेल्तो ना, तिथल्या हॉटेलातला हाये. रोज नवा देतात!"

"मंग वापरला न्हाईस?"

"वापरायला थोडाच आणलाय!"

पोरं घसरगुंड्यांचे फोटो पाहत होती. मी साबण पाहत होते. (मला जळफळाट वगैरे काही झाला नाही. त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं, एवढंच.) तिचं हॉटेल पार्कापासून तासभर लांब होतं, हे मात्र मी बराबर लक्षात ठेवलं.

"मे महिन्यात आपण जायचं," मी नवऱ्याला सांगितलं. "आणि अगदी गेटासमोर उतरायचं!"

नवरा शाळामास्तर. म्हणाले, "बघतो एखादं लॉज."

"लॉज न्हाई, हॉटेल! सुनिता हॉटेलात राह्यली, अन् मी लॉजात राहू?"

मुंबई माहीत असलेला आमच्या ओळखीत एकच माणूस. वडीगोद्रीचे गफूरभाई, मोसंबीचा ट्रक घेऊन दर आठवड्याला जाणारे. मी त्यांनाच गाठलं.

"त्या पाण्याच्या पार्काच्या गेटासमोर हॉटेल आहे का?"

"बिलकुल समोर, भाभी! एक नंबर. मालक आपला दोस्त हाये, मी सांगून ठेवतो."

"मोठं आहे ना?"

"एका टायमाला पन्नास माणूस बसतं!"

"आणि साबण?"

गफूरभाई म्हणाले, "साबण? हौदावर कायम दोन-दोन वड्या ठेवलेल्या राह्यतात."

हौद! सुनिताच्या हॉटेलात हौद नव्हता! मी गल्लीभर सांगत फिरले. मग एसटीडी बूथवरून जालन्याला फोन लावला. "गेटासमोरचं ठरलंय. हौदवालं." पलीकडून तिनं दोनदा विचारलं, "हौद?" इतकं बरं मला डोहाळजेवणातही वाटलं नव्हतं.

भर दुपारी दोन बॅगा आणि दोन पोरं घेऊन आम्ही उतरलो. गेट होतं. गेटासमोर हॉटेलही होतं. पत्र्याचं! बाहेर पाच ट्रक, आत बाकडी. मालक धावत आला.

"या मास्तर! गफूरभाईंचा निरोप होता, खास माणसं आहेत, सोय झाली पाहिजे. चारही थाळ्या तयार आहेत!"

"आणि आमची खोली?" मी विचारलं.

"खोली?" त्यानं डोकं खाजवलं. "एक आहे मागं. पण तिच्यात कांदे आहेत."

गफूरभाईंचा काय दोष? आमच्याकडं हॉटेल म्हणजे चहा, भजी आणि बाकडं. झोपायचं तर लॉज. जन्मभर मीही तसंच म्हणत आले. सुनिताच्या एका वडीनं माझी मराठी बिघडवली!

सुट्टीमुळं आसपासची लॉजं भरलेली. (हो, लॉजं! आता मला लॉजही चाललं असतं.) मास्तर नुसते शेवभाजीत भाकरी कुस्करत राहिले. शेवटी मालकिणीनं मागच्या अंगणात चार खाटा टाकून दिल्या. दोन दिवस आम्ही पार्कात भिजलो आणि हौदावर तोंडं धुतली. हौदावरच्या वड्या पिवळ्या, भांड्यांच्या. तरी त्यातली एक मी कागदात गुंडाळून आणलीच.

आठवड्याच्या आत सुनिता मुलाला घेऊन हजर.

"कसं होतं ताई हॉटेल?"

मी तोंड उघडायच्या आत आमचा पिंट्या ओरडला, "काकू, लई भारी! खाटंवर झोपायचं, अन् ट्रकवाल्या काकांनी मला हॉर्न वाजवू दिला!"

माझं तोंड त्या वडीसारखं पिवळं पडलं. पण सुनिताच्या पोरानं भोकाड पसरलं. "मला का न्हाई नेलं तिथं? मलाबी हॉर्न वाजवायचाय!" तो थांबेचना. सुनिताचा चेहरा उतरला. पिवळी वडी पदराआड तशीच राहिली, आणि मी जिंकले!

पुढच्या मे महिन्यात सुनिता त्याच हॉटेलात राहून आली. साबण दाखवला नाही. पोहे खाता खाता सहज बोलावं तसं म्हणाली, "आम्हाला त्यांनी मऊ नवारीची खाट दिली ताई, पंख्याखाली. तुमची कसली होती?"

सुतळीची होती. तेव्हापासून मला घरच्या गादीवरसुद्धा ती टोचते!