मूर्तींची वाक्यं

आमच्या घरमालकांना अर्धं म्हैसूर ओळखतं आणि त्याचा त्यांना काडीचाही आनंद नाही. मंडी मोहल्ल्यात भाजी घ्यायला निघाले की कुणीतरी हटकतंच, "एन्री, काय हो, आज शेजाऱ्याशी भांडला नाहीत?" खंडोजीराव मानसुद्धा वळवत नाहीत. निवृत्त झाल्यावर कुणाच्या तरी आग्रहाने ते एका कन्नड विनोदी मालिकेत शिरले, आणि कंपाउंडच्या भिंतीवरून शेजाऱ्याला झापणारा खडूस म्हातारा म्हणून घराघरांत पोचले. त्यांना अभिनय फारसा करावा लागत नसणार, असं माझा नवरा निशांत म्हणतो. आम्ही त्यांचे माडीवरचे भाडेकरू, तेव्हा तो अनुभवाने बोलतो.

त्यांच्या घराण्याला म्हैसुरात येऊन किती पिढ्या झाल्या, ते त्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठीच, पण अशी की कराडहून आलेल्या मला सुरुवातीला निम्मी कळायचीच नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. कुणाला घरात घेत नाहीत, कुणाकडे जात नाहीत. सेटवरही स्वतःचा डबा, स्वतःची खुर्ची. एकदा वाढदिवस कधी असतो म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कशाला पाहिजे, सुम्ने?" सुम्ने म्हणजे उगाच. आमच्या कराडकडे भांडण चव्हाट्यावर होतं आणि संध्याकाळपर्यंत मिटतंही. हा कुलूपबंद कारभार मला सोसत नाही, जीव नुसता तळमळतो.

माझ्याकडून त्यांना एकच गोष्ट हवी असायची. मी हट्टाने कन्नड वाचायला शिकले होते. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी संवादांची पानं घेऊन ते वर यायचे. शेजाऱ्याची वाक्यं मी वाचायची, स्वतःची ते म्हणायचे. हा शेजारी म्हणजे नरसिंहमूर्ती, देवराज मोहल्ल्यात राहणारे निवृत्त शाळामास्तर. मालिकेत दोघं हाडवैरी. मालिकेबाहेर काय, ते कुणास ठाऊक! मूर्तींबद्दल खंडोजीराव एवढंच म्हणायचे, "माणूस बरा आहे." त्यांच्या तोंडून हे म्हणजे भारतरत्नच.

गेल्या दसऱ्यानंतर मात्र काहीतरी बिनसलं. खाली त्यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. दार उघडायचं, लागायचं, पुन्हा उघडायचं. मला वर काम सुचेना. मग एकदा पानं घेऊन आले ते म्हणाले, "एनम्मा जानकी, मूर्तींचं वाचू नको, बिडु, सोड ते. मीच म्हणतो."

"मग मूर्ती काय म्हणणार?"

"हौदु म्हणतील. होय म्हटलं की झालं की."

आणि त्यांनी दोघांचे संवाद एकट्याने म्हणून दाखवले. "मला माहितेय तुम्ही काय म्हणणार!" असं गरजून सुरुवात करायची, मूर्तींचं अख्खं वाक्य आपणच बोलायचं आणि वर त्यालाच शिव्या घालायच्या. ते टीव्हीवर आलं तेव्हा लोक पूर्वीपेक्षा जास्त हसले. माझं मात्र डोकं फिरलं. मूर्ती बिचारे भिंतीपलीकडे नुसती मान हलवत होते.

"म्हातारपणी दुसऱ्याच्या तोंडचा घास कशाला ओढता?" मी तोंडावर विचारलं.

त्यांनी हातातला किल्ल्यांचा जुडगा दोनदा फिरवला, "हौदु," म्हणाले आणि जिना उतरले. मला वाटलं होतं निदान चिडतील. चिडले असते तर बरं वाटलं असतं. खालचं चालणं मात्र आणखी वाढलं.

पुढच्याच आठवड्यात मूर्तींच्या पत्नी सीतालक्ष्मी आमच्या दारात. खाली कुलूप होतं, खंडोजीराव चित्रीकरणाला गेले होते, म्हणून त्या वर आल्या. पाणी दिलं ते तसंच राहिलं. कन्नडमध्ये, आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "तुमच्या मालकांना सांगा, एवढं अधाशी असू नये. आमचे हे हल्ली घरी येऊन गप्प बसतात. काही विचारलं तर म्हणतात, दमलो. सकाळी उठतात ते त्या शूटिंगसाठी. वाक्यंच उरली नाहीत तर उद्या यांना काढून टाकतील. मग मी यांना कशासाठी उठवू?"

मला आयतीच संधी. "निरोप कशाला? चला, तोंडावरच सांगू," म्हणत मी चपला घातल्या. रिक्षाभर त्या पदराचं टोक पिळत होत्या आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. कन्नडमधली, ठेवणीतली.

यादवगिरीतल्या एका भाड्याच्या घरात चित्रीकरण चालायचं. आम्ही पोचलो तेव्हा शॉट लागलेला होता, म्हणून कुणीतरी खुणेने आम्हाला फाटकापाशीच थांबवलं. भिंतीच्या अलीकडे खंडोजीराव, पलीकडे मूर्ती. कॅमेऱ्याशेजारी एक मुलगी पानं घेऊन उभी. इथे वाक्य आठवलं नाही तर बाजूने मोठ्याने सांगतात आणि नट ते तसंच म्हणतो. पद्धतच आहे, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

"मला माहितेय तुम्ही काय म्हणणार!" खंडोजीराव गरजले. "म्हणणार, झाड तुमचं असेल, पण झावळ्या आमच्या अंगणात पडतात! म्हणणार, नारळ पडला तर तो आमचाच! म्हणा, म्हणा होय!"

मूर्ती काही म्हणेनात.

"हौदु," मुलीने बाजूने सांगितलं. मूर्तींनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "काय म्हणालीस, बाळ?" दोघेतिघे हसले. मग त्यांनी पुन्हा खंडोजीरावांकडे पाहिलं. तो चेहरा मालिकेतल्या शेजाऱ्याचा नव्हता. खरोखर घाबरलेले होते मूर्ती.

"राव, का रागावलात? माझं काय चुकलं?"

खंडोजीराव भिंतीला वळसा घालून पलीकडे गेले. कॅमेरा चालूच होता. ज्या माणसाने कधी कुणाच्या पाठीवर थाप मारलेली मी पाहिली नव्हती, त्याने मूर्तींचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "तप्पु नंदु, मूर्तिगळे. चूक माझी. तुमचं काही चुकलं नाही."

माझी ठेवणीतली वाक्यं फाटकापाशीच राहिली. सीतालक्ष्मी धावत आत गेल्या. नवऱ्याला खुर्चीत बसवून त्यांनी खंडोजीरावांना एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"दसऱ्यापासून. बाजूने सांगितलेलंही धरता येत नाही त्यांना, वाक्य अर्ध्यात निसटतं. तुम्हाला सांगू नका म्हणून मला शपथ घातली होती."

"आणि मी तुम्हाला अधाशी म्हणत आले!"

"असू द्या."

दिग्दर्शक प्राणेश तरुण आहे, वाईट नाही. कपाळावरचा घाम पुसत तो हळू आवाजात म्हणाला, "अंकल, यांना आता नाही जमणार. आपण शेजाऱ्याला काशीला पाठवू. मालिकेत चालतं तसं. तुम्हाला नवीन शेजारी आणतो."

"मग दोन तिकिटं काढा," खंडोजीराव म्हणाले, आणि आपली खुर्ची घडी करून काखोटीला मारली.

प्राणेश खाली खंडोजीरावांकडे दोनदा येऊन गेला, विनवण्या केल्या. दोन्ही वेळा दारातूनच परत.

आता त्यांना शूटिंग नाही, पण पायांना स्वस्थता नाही ती नाहीच. रोज दुपारी इस्त्रीचा सदरा घालून देवराज मोहल्ल्यात जातात. निघण्याआधी जिन्याखालून मला हाक मारतात, "एनम्मा, आज ओळखतील काय गं?" "ओळखतील की," म्हणते, आणि ते परत येईपर्यंत माझंच चित्त थाऱ्यावर नसतं. शेवटी परवा राहवलं नाही, मीही सोबत गेले.

मूर्ती खिडकीशी बसले होते. त्यांनी हात जोडून नमस्कार केला, परक्या पाहुण्याला करावा तसा. सीतालक्ष्मींनी कॉफी आणली. खंडोजीराव समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकले. गुडघा एकसारखा हलत होता. इकडचं तिकडचं झालं. मग मूर्ती पुढे वाकले आणि गुपित सांगावं तसं हळूच म्हणाले,

"माझा एक मित्र आहे. खंडोजीराव. बरेच दिवस आला नाही. रागावलाय बहुतेक. तुम्ही ओळखता का त्याला?"

सीतालक्ष्मींनी तोंड फिरवलं. मी खंडोजीरावांकडे बघायचं टाळलं, पण कान कुठे बंद करता येतात? त्यांचा गुडघा थांबला.

"ओळखतो," ते म्हणाले. "तिरसट आहे तो. कुणाला काही बोलून दाखवत नाही. पण रागावलेला नाही, मूर्तिगळे. तुमच्यावर फार जीव आहे त्याचा. मला स्वतः सांगितलंय त्याने."