बेचाळीस दिवसांची मुदत

चाचा पुस्तक हातात घेऊन आधी त्याच्याकडे बघायचे, मग तुमच्याकडे, आणि विचारायचे, "घरात मान्सं किती?"

भिंगारच्या आमच्या वाचनालयात तुमच्यापैकी कुणी आलं असेल तर हा प्रश्न ऐकला असेल. पुस्तक किती दिवसांत वाचून होईल, याचा अंदाज आमचे ग्रंथपाल चाचा नुसत्या पानांवरून काढत नसत. समोर बसवून एक पान वाचायला लावायचे. मग चौकशी: वाचता कधी, टीव्ही कुठल्या खोलीत आहे, घरात कुणी आजारी आहे का. सगळं ऐकून मागच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने परतीची तारीख लिहायचे. एकाच पुस्तकासाठी दोन माणसांना सारखी मुदत कधी मिळाली नाही. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना त्यांनी पातळशा कादंबरीला महिना दिला होता. लग्नसराई आहे, म्हणाले, तिला बसायला कुठं मिळतंय.

मला हे पटायचं नाही. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील साखर कारखान्यात, युनियनचे. जोडाक्षरं मी मागण्यांच्या यादीवरूनच शिकले. तेव्हा 'सर्व वाचकांना समान मुदत' असं पत्रक काढलं आणि वाचनालयाच्या दारातच वाटलं. पहिली प्रत चाचांना. त्यांनी ती उभ्याउभ्या वाचली.

"दोन मिन्टं लागली," ते म्हणाले. "चांगलं लिवलंय बेटा. आधी घराघरातलं काम सारखं वाटून दे, मग मी मुदत सारखी करतो."

उरलेली पत्रकं मी पिशवीत कोंबली.

वाचनालयात महिन्याच्या एका रविवारी कुणीतरी एका पुस्तकावर बोलायचं. एकदा मीच हात वर केला आणि सहकार चळवळीवरचा सहाशे पानांचा ग्रंथ मागितला. नवाकोरा होता, कुणी नेलेला नव्हता. चाचांनी माझ्याकडून एक पान वाचून घेतलं आणि बेचाळीस दिवस लिहिले. भाषण पंधरा दिवसांवर होतं. मी तावातावाने म्हटलं, दहा दिवसांत संपवते. ते वाद घालत बसले नाहीत, तारीखही बदलली नाही.

खरं सांगते, तोवर मी एकही जाड पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. प्रस्तावना, शेवटचं प्रकरण, आणि मधलं सगळं आवाजाच्या जोरावर. अहवाल न वाचता सह्या करणाऱ्या पुढाऱ्यांवर मी आग पाखडायचे आणि स्वतः तेच करायचे. भाषणाच्या आदल्या दिवशी मी दोनशे बाराव्या पानावर होते. शेवटचं प्रकरण मात्र पाठ होतं.

शनिवारी दुपारी, वाचून झालं असं दाखवायला, पुस्तक परत द्यायला गेले. वाचनालयात येण्याआधी चाचांनी उभं आयुष्य बाइंडिंग केलेलं. त्यांनी पुस्तक आडवं धरून पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला. सुरुवातीची पानं हाताळून सैल झाली होती, मधली कोरी आणि एकमेकांना घट्ट, अगदी शेवटची पुन्हा सैल. उद्या चाचा सगळ्यांसमोर हे बोलले तर?

"कुठवर आलीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोनशे बारा."

"मग तेवढ्यावर बोल. पुढचं वाचायचं हाय म्हनून सांग."

"लोक हसतील, चाचा."

"हसतील आन् घरी जातील. खोटं बोललीस तर ते तुझ्या घरी येऊन बसंल."

रविवारी उभी राहिले आणि पहिलं वाक्य तेच बोलले: दोनशे बारा पानंच झालीत, पुढचं वाचायचं आहे. मग मागच्या खुर्चीतून निवृत्त सुभेदार काका खाकरले. मागल्या महिन्यात आपण ज्या पुस्तकावर तासभर बोललो, त्याच्या ऐंशी पानांपलीकडे आपण गेलोच नव्हतो, असं त्यांनी सांगून टाकलं. हशा झाला, पण तो माझ्यावर नव्हता. मग एकेक जण आपापलं अर्धवट पुस्तक सांगू लागला. पाठीवरचं पोतं खाली ठेवावं तसं मला वाटलं. त्या दोनशे बारा पानांवर मी वीस मिनिटं बोलले, न ओरडता.

भाषणानंतर तो ग्रंथ चौघांना हवा झाला. प्रत एकच. चाचांनी ब्लेड काढलं आणि शांतपणे पुस्तकाचा पुठ्ठा सोडवला. सगळी व्यवस्था उलथून टाका असं लिहिणारी मी, पण शिवणीचा दोरा कापताना मला बघवेना. त्यांनी तीन भाग केले, प्रत्येकाला खळ लावून कापडी पट्टी चिकटवली, वर खाकी कागद. तिघं एकाच वेळी वाचू शकतील, म्हणाले.

चाचा गेल्या थंडीत गेले. वाचनालयात आता कॉम्प्युटर सगळ्यांना पंधरा दिवस देतो. माझी मागणी मान्य झाली म्हणायची. मला ते आठवतात त्या रविवारचे, बोटांना खळ लागलेले. पहिला भाग त्यांनी सुभेदार काकांना दिला. मधला, दोनशे तेरापासूनचा, माझ्यासमोर ठेवला आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

"किती दिवस, ते तूच लिव."

मी घरातली माणसं मोजली, या वेळी एकही पान गाळायचं नाही असं ठरवलं आणि पस्तीस लिहिले.