सात नग स्वेटर

आक्काचा अंगठा खोटं बोलत नाही, असं इस्पितळात सगळेच म्हणायचे. एकतीस वर्षं तिनं तिथल्या धुलाईखान्यात चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे डगले मोजून घेतले. कापड किती वेळा पाण्यात गेलंय ते नुसतं चिमटीत धरून सांगायची. एकदा एका ठेकेदारानं जुन्या चादरींना कडक इस्त्री करून त्या नव्या म्हणून खपवायचा घाट घातला. आक्कानं पहिल्याच गठ्ठ्याला अंगठा लावला आणि म्हणाली, "या आमच्याच. मागच्या साली भंगारात काढलेल्या." ठेकेदाराला कुठं बघू नि कुठं नको असं झालं. अशा या बाईला निवृत्तीनंतर एका खोक्यासाठी महिनाभर हेलपाटे घालावे लागले.

खोकं परदेशातून लेकीनं पाठवलं होतं. लेकीला तिकडे जाऊन दहा वर्षं झालेली, नात आठ वर्षांची. नातीला आक्कानं एकदाच, अगदी तान्ही असताना, मांडीवर घेतलं होतं. बाकी माया सगळी लोकरीतून. दरवर्षी थंडीच्या आधी एक स्वेटर पोस्टानं जायचा. बाह्या वाटेत चुरगळू नयेत म्हणून दोन्ही मनगटं ती पांढऱ्या दोऱ्याच्या दोन टाक्यांनी एकत्र टाचायची, धुलाईखान्याची सवय. आणि दरवर्षी लेक फोनवर सांगायची, "अंगातून काढतच नाही गं ती." तेवढ्यावर आक्काचं वर्ष निघायचं.

आता लेक घर बदलत होती. म्हणाली, "सगळे लहान झालेत, पण टाकवत नाहीत. तिकडेच पाठवते. कुणाच्या तरी लेकराला होतील."

इथवर ठीक होतं. पण परदेशी पार्सलावर वस्तूची किंमत लिहावी लागते. लेकीनं तिथल्या दुकानात हातविणीचा स्वेटर कितीला मिळतो ते पाहिलं आणि तोच आकडा ठोकून दिला. आईच्या कामाची किंमत कमी कशी लिहू, हे तिचं म्हणणं. सरकारला माया कळत नाही, आकडा बरोबर कळतो. आक्काच्या घरी कस्टम कचेरीची चिठ्ठी आली: सात नग लोकरी स्वेटर, हातविणीचे, शुल्क भरून घेऊन जावे. आणि शुल्क किती, तर सातांच्या मिळून लोकरीलाही तेवढे पैसे लागले नव्हते.

"माझ्याच हातचं, माझ्याच घरी येतंय, आणि वर कर मीच भरू?" आक्का नवऱ्याला म्हणाली.

"सोडून दे," नवरा म्हणाला. "भिंतीवर डोकं आपटून टेंगूळ आपल्यालाच येतं."

सोडून देते तर ती आक्का कसली. पहिल्या खेपेला कळलं की वापरलेल्या कपड्यांवर शुल्क नसतं, पण तसा अर्ज हवा. दुसऱ्या खेपेला अर्ज नेला, तर अर्ज बघणारे साहेब रजेवर. सरकारी काम, सहा महिने थांब. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले आणि त्यांनी स्वेटर इथून पाठवल्याच्या पावत्या मागितल्या. सात-सात वर्षांच्या पावत्या कोण जपून ठेवतं? तिनं घरातले सगळे डबे उपसले, एकच सापडली, तीही पुसट. दरम्यान खोकं गोदामात ठेवल्याचं भाडं रोज चढत होतं.

चौथ्या खेपेला ती हात हलवतच गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. चष्मा कपाळावर, समोर फायलींचा ढीग, आवाज दमलेला. "बाई, वापरलेत म्हणता, पण पुरावा?"

"पुरावा खोक्यात आहे. उघडा. कापड धुतलेलं की कोरं, ते एकतीस वर्षं सांगतेय मी. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"आणि नवे निघाले तर?"

"उघडा हो तुम्ही."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आक्कानं ती स्वतः हट्टानं उघडायला लावली.

साहेबांनी पट्टी कापली. सर्वांत वर पिवळा, वीतभर, पहिल्या वर्षीचा. आक्कानं अंगठा फिरवला. लोकर गरम पाण्यात आटून घट्ट झाली होती, गळ्याशी दुधाचा डाग होता. "हे बघा," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला.

दुसरा लाल. मनगटं एकत्र होती. पांढऱ्या दोऱ्याचे दोन टाके जसेच्या तसे. तिसऱ्याचे टाकेही जागेवर. चौथ्याच्या घडीतून तिनंच ठेवलेली डांबरगोळी टेबलावर घरंगळली. पुढचे तीन तिनं नुसते उलटे करून पाहिले. अंगठा लावायची गरजच नव्हती.

तिला रडू आलं नाही. लाज वाटली, परक्या माणसासमोर उघडं पडल्याची. तिकडची घरं उबदार असतात म्हणे. पोरीला लोकर टोचत असेल. पण लेकीनं सहा वर्षं फोनवर जे सांगितलं त्याचं काय करायचं? चिडून तरी काय उपयोग, आपलेच दात आपलेच ओठ.

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, टाके पाहिले, तिच्याकडे पाहिलं. "सातही वापरलेले लिहितो," ते हळूच म्हणाले. "इथं सही करा."

"नको," आक्का म्हणाली. "एक वापरलेला, सहा कोरे. तसंच लिहा."

तिनं सहांचं शुल्क भरलं, भाडं भरलं आणि खोकं कडेवर घेऊन घरी आली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "सुटलं का गं पार्सल? पैसे घेतले?"

"छे. उघडून पाहिलं त्यांनी. वापरलेले दिसतायत म्हणाले, न्या तसेच."

लेक म्हणाली, "बघ ना. अंगातून काढतच नव्हती ती." मग घाईनं विचारलं, "यंदाचा कुठवर आलाय?"

निळा, आठवा, आक्काच्या मांडीवर होता. "काखेपर्यंत," ती म्हणाली. "बाह्यांचं माप तेवढं कळव."

मनगटं मात्र यंदा टाचायची नाहीत, असं तिनं ठरवलं.