जावेचा साज

आमच्या सरकारी दवाखान्यातला शिपाई माझ्यासमोर आला की कमरेत वाकून मुजरा घालायचा. अपंग पोरांना उपचार मोफत, पण घर गरीब हवं. ते ठरवायचो मी.

एकदा शिरोळची बाई पोलिओ झालेल्या लेकीला कडेवर घेऊन आली. कोल्हापूरला यायचं म्हणून गळ्यात सोन्याचा साज!

दाराबाहेर शिपाई ओरडला, "वैनी, लग्नाला आलायसा व्हय? काढा त्यो!"

"जावंचा हाय वो," ती रडवेली झाली.

मग दोघं आत आली. याची मान ताठ, मुजरा नाही.

"दागिने?" मी विचारलं.

"काळ्या मण्याबिगर काय बी न्हाय, सायेब. बघा की!" तिच्याआधी शिपाईच बोलला.

त्याच्या टोपीखालून साजाचं एक सोन्याचं पान लोंबत होतं.

मी मोफत उपचाराची सही केली. खुशीत तो मुजऱ्याला वाकू लागला.

"वाकू नको, गाढवा," मी खेकसलो, "जावेचा आहे तो!"